रा

एसटीत कुत्री चालत नाही,
म्हणून आम्ही टेम्पोतून आलो.
शिलाई मशीन, दोन बादल्या, गादीची वळकटी
आणि वळकटीवर मिरी,
कान मागे उडालेले, जीभ बाहेर,
जणू हा सगळा बेत तिचाच.

वाटणीच्या कागदावर फ्रिज होता, मिक्सर होता,
कुकरच्या जास्तीच्या शिट्टीपर्यंत सगळं होतं.
हिचं नाव कुणी घातलंच नव्हतं.
मीही आठवण करून दिली नाही.

चिपळूणची ती. ओल्या चिऱ्यांची, शेवाळाची,
फणसाखाली पोटापुरता खड्डा उकरून झोपणारी.
इथं उकरायला गेली तर शहाबादी फरशी,
दुपारी तव्यासारखी.
पहिला आठवडा पंजे उचलून उचलून चालली,
परक्याच्या घरी नुकत्या पुसलेल्या लादीवरून जावं तशी.
आता आम्ही पहाटेच निघतो, ऊन उठायच्या आत.
वाटेत यंत्रमाग सुरू झालेले असतात.
ती थबकते, एक कान वर:
एवढी माणसं केव्हाची दार वाजवतायत,
आणि आतून कुणी उघडत कसं नाही?

तीन घरमालकांनी "कुत्रीसकट?" एवढंच विचारलं.
चौथी नरसम्मा यमुल.
मांडीवर सूप, हातात कात्री, विडीची पानं कापत
वर न बघता म्हणाली,
"भाडं तू देणार का ती?"
मी म्हटलं, मी.
"मग तिचं कशाला सांगत बसलीस?"

कापते मीही. गणवेशांच्या कारखान्यात,
एका दमात चाळीस बाह्या,
सगळ्या डाव्या, मग सगळ्या उजव्या.
कुठल्या गावची शाळा, कुणाची पोरं, पत्ता नसतो.
उरलेल्या चिंध्या पिशवीतून घरी आणल्या,
निळ्या, खाकी, चौकड्याच्या,
आणि मिरीची गादी भरली.
दुपारभर ती एका अख्ख्या शाळेवर झोपते.

पाणी पाचव्या दिवशी.
रात्री कधी दीडला, कधी तीनला, त्याची मर्जी.
यायच्या आधी नळ नुसता श्वास टाकतो,
माणसाला ऐकू न येणारा.
मिरी भुंकली त्या रात्री
समोरचा बसवराज दगड घेऊन बाहेर आला,
आणि दगड माझ्या पायरीवर ठेवून
घागर आणायला पळाला.
दगड अजून तिथंच आहे, दाराला टेकू म्हणून.
गल्ली आता गजर लावत नाही.
त्याच्या बायकोनं कडक भाकरी पाठवली, शेंगाचटणी पाठवली,
निरोपासकट: चटणी तुला, भाकरी तिला.

एकच घोळ राहिला.

कामावर निघताना मी उंबऱ्यातून सांगते, "रा."
घाईत 'राहा'चं आमच्याकडे एवढंच उरतं.
नऊ वर्षं तिला हा शब्द पाठ आहे:
तिथंच थांब, मी येते.
आणि त्याच वेळी नरसम्मा आतून हाक मारते, "रा."
तिच्या तेलुगूत, म्हणजे, ये.

मिरी उंबऱ्यात.
पुढचे पाय तिच्याकडे वळलेले,
मान माझ्याकडे,
शेपूट मधल्यामधे, हलावं की नाही विचारत.
पहिले काही दिवस मला उशीर व्हायचा.
चावी हातात घेऊन मी बघत राहायचे
ती कुणाचं ऐकते ते.
मग एक दिवस बघायचं राहून गेलं.

काल परत आले तेव्हा दिवे गेलेले.
नरसम्मा ओट्यावर, मांडीवर रिकामं सूप,
बोटांना तंबाखूचा वास.
मिरी आत, तिच्याच दारापाशी, पसरून घोरत होती.
मी पायरीजवळ थांबले, ऊन्ह अजून भिंतीतून निघत होतं.

"रा," नरसम्मा म्हणाली.

कुत्री हललीसुद्धा नाही.
कुणाला म्हणाली, कुठल्या भाषेत म्हणाली,
मी विचारलं नाही.
चपला काढल्या,
दगडाशेजारी ठेवल्या.